गच्चीवरचा छोटा अ‍ॅम्प

रविवार, रात्री साडेदहा

आज काकूंचा अंतरा पहिल्यांदाच शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू आला. नागपुरात प्रतापनगरच्या या गच्चीवर आम्ही बसतो तेव्हा पेटी, दोन गिटार, खंजिरी, बासरी असं सगळं असतं आणि त्यात काकूंचं गाणं मुखड्यापुरतंच कानावर यायचं. अंतऱ्यात त्या खालच्या स्वरांवर उतरल्या की पेटी त्यांच्यावर चढायची. यात पेटीवाल्याचा काही दोष नाही. भाता कितीही जपून हलवला तरी स्वर बोलायला तेवढी हवा लागतेच, त्याखाली पेटी जात नाही. आणि खंजिरी तर उघड्यावरच्या भजनांसाठीच. आमचे काकाजी तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांवर वाढलेले. त्यांच्या हातात ती आली की चकत्यांचा तो तीक्ष्ण आवाज सगळ्यांतून आरपार जातो. त्यांना "जरा हळू वाजवा" म्हणणं मला कधीच पटलं नाही. हळू वाजवलेली खंजिरी ही खंजिरीच नव्हे.

म्हणून बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प आणला. आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, पाच वॅटचा, पेन्सिल सेलवर चालणारा. रस्त्यावर गाणारे वापरतात त्या रोलँडच्या क्यूब स्ट्रीटमध्येही अडीच-अडीच वॅटच असतात आणि सहा सेलवर तो कितीतरी तास चालतो. घरी ब्लूटूथ स्पीकर पडला होताच, त्यावर भागवावं असं दोघातिघांनी सुचवलं होतं. पण बहुतेक ब्लूटूथ स्पीकरमधून आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे आपण गायलेलं पन्नास ते सत्तर मीटरवरून परत ऐकत गाण्यासारखं झालं. रेकॉर्ड ऐकायला काही फरक पडत नाही, पण त्यावर ताल धरून दाखवावा कोणी. सरळ वायर लागते.

पहिला अर्धा तास अ‍ॅम्पची जागा शोधण्यात गेला आणि तो अगदी सत्कारणी लागला. कठड्याच्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवला तेव्हा गिटार 'घूं' करायला लागली. भिंत आणि जमीन दोन्ही मिळून खालचे स्वर फुगवतात, आणि गिटारच्या पोटातली हवा नेमकी १०० हर्ट्झच्या आसपास घुमते; स्पीकरचा आवाज त्याच पोकळीत शिरतो, गिटारच्या वायरीतून पुन्हा स्पीकरकडे जातो आणि चक्र सुरू होतं. अ‍ॅम्प प्लास्टिकच्या खुर्चीवर चढवला, कोपऱ्यातून बाहेर ओढला, बासचं, म्हणजे खालच्या स्वरांचं, बटण थोडं उतरवलं आणि घुमणं थांबलं. पिकअप (तारांचा आवाज पकडून वायरीत देणारा भाग) लावलेल्या दुसऱ्या गिटारचा आवाज मात्र कोरडा, पत्र्यासारखा येत होता. तिची वायर काढून टाकली. ती वाजवणारा पोरगा जोरात वाजवतो, त्याला गरजच नाही.

मग माइक फक्त काकूंना दिला. स्टँडवर, हनुवटीच्या जरा खाली. अ‍ॅम्प त्यांच्या डाव्या गुडघ्याजवळ, तिरका, तोंड वर करून, माइकच्या पाठीकडे. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या, माइकला मागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, त्यामुळे शिट्टी वाजली नाही. आधी बिनमाइकची पेटी वाजवून घेतली आणि काकूंचा आवाज तिच्या बरोबरीला येईल इतकंच बटण फिरवलं. पाव फेरासुद्धा नाही.

काकू पहिली ओळ गायल्या आणि थांबल्या. "अगं, मलेच माझा आवाज येऊन राहिला!" त्यानंतर जे झालं ते मी अगदी जवळून पाहिलं. त्यांच्या गळ्याची ताणलेली शीर सैल पडली. इतके महिने त्या पेटीच्या वर जायला ओरडत होत्या, स्वर वरच्या बाजूला सरकत होता. आज स्वतःचं ऐकू आल्याबरोबर तो जागेवर बसला. खालचा पंचम त्यांनी इतक्या सावकाश लावला की पेटीवाल्यानं आपणहून मागचा सूर सोडून दिला आणि फक्त षड्ज धरून बसला. काकाजींनी खंजिरीवर बोटांनी वाजवायला सुरुवात केली. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

जॅमिंगमध्ये, म्हणजे असं एकत्र बसून वाजवण्यात, अ‍ॅम्प कशासाठी, हे मला आज अगदी स्पष्ट दिसलं. गोलात ज्याचा आवाज सगळ्यात हळू आहे, त्याला बाकीच्यांच्या ओळीत आणायला. त्याच्या वर एक काटाही नको.

यावरूनच धाकट्याशी वाद झाला. त्याचं म्हणणं, पन्नास वॅटचा घेऊ आणि फुटाळ्यावर, तलावाकाठी, बसू, लोक ऐकतील. "पाच वॅटात काय होते ताई?" मी त्याला सांगितलं, दहापट वॅट म्हणजे दहा डेसिबल, आणि कानाला तो आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गळतात. फुटाळ्याच्या रस्त्यावरचे हॉर्न, गर्दी, चाटवाल्यांचा गलका, या सगळ्यावर मात करायची तर सगळ्यांनाच माइक लागतील. मग आम्ही एकमेकांकडे नाही, स्पीकरकडे बघून वाजवू. कार्यक्रम करायचा तर तो जरूर करावा, परवानगी काढून, तयारी करून. रविवारची बैठक त्यासाठी मोडू नये. तो काही बोलला नाही, पण त्याला पटलंय असं मला वाटत नाही. वयच ते आहे, आणि ऐकवायची ओढ चांगलीच आहे.

दहाला अ‍ॅम्प बंद केला. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल दिलेत, रात्र दहाला सुरू होते. पण नियम नसता तरी खालच्या मजल्यावर बारावीचा मुलगा अभ्यास करतो, तेवढं पुरे. उरलेलं एक भजन बिनअ‍ॅम्पचं झालं, पेटी न उघडता.

पुढच्या रविवारी बासरीचं बघायचं. वरच्या सप्तकात ती आपली आपण सगळ्यांवर निघते, तिथे माइक नकोच. मंद्रात मात्र फुंकच जास्त ऐकू येते, स्वर विरून जातो. माइक वीतभर लांब, फुंकेच्या वाटेतून बाजूला, बोटांच्या भोकांकडे वळवून बघते. सेल चार्जिंगला लावलेत.