एकांतरा ताप

आमची १९९६ सालची गाडी मिस्तरीसमोर एकदाही बंद पडली नाही. धुळ्याहून जळगावला निघावं, पारोळा मागे पडावं, आणि एरंडोलच्या अलीकडे कुठेतरी तिने मान टाकावी, हा रिवाज. वीसेक मिनिटं ती तशीच उभी. मग मिस्तरी फटफटीवरून घामाघूम होऊन पोहोचायचे, सेल्फ मारायचे, आणि पहिल्याच झटक्यात गाडी चालू! मिस्तरी माझ्याकडे बघत, मी बॉनेटकडे.

त्या वीस मिनिटांत सहा नंबरच्या हायवेवरचा निम्मा खानदेश येऊन विचारपूस करून जातो. (रस्त्याला आता त्रेपन्न नंबर मिळालाय, पण जिभेवर सहाच आहे.) "काय व्हयनं भाऊ?" आणि पाठोपाठ, "पेट्रोल शे ना?" केळीच्या ट्रकवाल्यापासून शेळ्या राखणाऱ्या पोरापर्यंत हा दुसरा प्रश्न कोणी म्हणून चुकवला नाही. तेहतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे विचारतात.

पूर्वी एकांतरा ताप असायचा, एक दिवस चढायचा, एक दिवस उतरायचा. त्यात उतरत्या दिवशी ज्याने काढा दिला किंवा दोरा बांधला, गुण त्याच्या नावावर जमा. गाडीचंही तेच झालं. प्लग बदलले, पंधरा दिवस ठणठणीत. कार्ब्युरेटर साफ केला, पुन्हा पंधरा दिवस. पॉइंट आणि कंडेन्सरही झाले. दर वेळी मी घरी सांगायचो, "सापडलं एकदाचं!" बायको तिसऱ्या खेपेपासून नुसतंच "हं" म्हणू लागली.

माझा स्वतःचा संशय व्हेपर लॉकवर होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि पेट्रोलातले हलके घटक तर चाळिशीच्या आतच उकळू लागतात. बॉनेटखाली तर भट्टीच. नळीत वाफ धरली की पंप नुसती वाफच ओढत बसतो. हे मला इतकं पटलं होतं, की एकदा पंपावर, नळीवर, कॉइलवर, हाताला लागेल त्यावर ओली फडकी टाकली. गाडी पाच मिनिटांत चालू झाली. मी खूश.

एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले आमच्या गल्लीतले नाना मात्र खूश झाले नाहीत.

"फडकं कशाकशावर टाकलं?"

"सगळ्यावर."

"मग तुला कळलं काय?"

गाडी माझ्याकडे आणूच नको, वही आण, म्हणाले. त्यात ऊन किती, किती किलोमीटर झाले, टाकीत पेट्रोल किती, हे तर लिहायचंच; पण मुख्य म्हणजे बंद कशी पडली ते. आचके देत, गुदमरत मेली तर पेट्रोलकडे बघायचं. दिवा विझावा तशी एकदम गेली तर विजेकडे. दोन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मलाही नीट आठवेना. शिवाय एक जुना चालू प्लग त्यांनी डब्यात ठेवायला दिला.

आता मी गाडी बंद पडायची वाट बघू लागलो. साहजिकच ती महिनाभर बंद पडली नाही.

पडली ती एरंडोलच्या अलीकडे, दुपारी दोनला, आणि दिवा विझावा तशीच. मी एका प्लगची वायर काढून नानांच्या प्लगला लावली, त्याचं अंग इंजिनच्या लोखंडाला टेकवलं आणि आत बसलेल्या बायकोला ओरडून सांगितलं, "मार सेल्फ!"

"दिसली का ठिणगी?"

त्या उन्हात काय दिसणार! शेवटी तिने काळी छत्री दिली. छत्रीखाली डोकं घालून दोघांनी तोच कार्यक्रम पुन्हा केला. मी खाली वाकलेला, ती चावी फिरवतेय, आणि पलीकडून आवाज आला, "पेट्रोल शे ना?"

ठिणगी नव्हतीच. म्हणजे पेट्रोल शे. या खेपेला पिळलेलं फडकं फक्त कॉइलवर ठेवलं, दुसरीकडे कुठेही नाही. आठ मिनिटांनी छत्रीच्या अंधारात निळी ठिणगी टचकन उडाली.

कॉइलमध्ये केसासारखी तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली असते; बॅटरीचे बारा व्होल्ट तिथे हजारोंच्या घरात जातात. ती तार आत कुठेतरी तुटलेली. गार असताना टोकाला टोक टेकायचं, तापली की फाकायचं. म्हणून सकाळच्या थंडाव्यात मिस्तरींनी मीटर लावलं की कॉइल निर्दोष सुटायची.

नवी कॉइल बसवली. नानांना सांगायला गेलो तर म्हणाले, "वही चालूच ठेव."

तेव्हापासून एरंडोल जवळ आलं की बायको बोलता बोलता गप्प होते आणि मी रेडिओ बंद करतो. वहीत शेवटची नोंद आहे: २१ मे, दुपारी २, ऊन ४४, टाकी निम्मी, बंद पडली नाही.