सहा वर्षं थांबलो ते बरं झालं

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात एक पिवळी फाईल आहे. तिच्यात घरच्या बोअरच्या पाण्याचे तपासणी अहवाल आहेत. पहिला २०१० सालचा. मिथेन, बेरियम, क्लोराइड, सगळं मोजलेलं. प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन नळाखाली बाटल्या भरून घेऊन गेला होता. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, बिंगहॅम्टन शहराच्या आसपास ज्यांच्या घरी शहराच्या नळाचं पाणी येत नाही, त्या आम्हा सगळ्यांना तेव्हा एकच घोर लागला होता. उद्या टेकडीपलीकडे गॅसची विहीर खोदली आणि पाणी बिघडलं, तर आधी ते चांगलं होतं हे कसं दाखवायचं?

आमच्या पायाखाली, जवळपास मैलभर खोल, मार्सेलस शेल नावाचा खडक आहे. त्यात वायू कोंडलेला आहे. तो काढायला आधी सरळ खाली आणि मग आडवं भोक पाडतात. एकेका विहिरीत कोटभर लिटरहून जास्त पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने सोडतात आणि खडक फोडतात. यातलं काही पाणी परत वर येतं ते खडकातलं मीठ आणि किरणोत्सारी रेडियम घेऊन. सीमेपलीकडे पेनसिल्व्हेनियात हे काम धडाक्यात सुरू झालं होतं. न्यूयॉर्कमध्ये मात्र २००८ साली गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांनी पर्यावरणाचा अभ्यास नव्याने करायला लावला आणि तोवर परवाने थांबले.

२०११ च्या वसंतात आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉक गावाला जाऊन आलो. घरापासून तासाभराचीही वाट नाही. तिथे १ जानेवारी २००९ ला एका घराच्या बोअरमध्ये साठलेल्या मिथेनचा स्फोट होऊन वरचं काँक्रीटचं झाकण फुटलं होतं. रस्त्यावरून चिखलाने माखलेले ट्रक सारखे जात होते. एका अंगणात पाण्याची भलीमोठी टाकी ठेवलेली दिसली. अशा टाकीला तिकडे ‘वॉटर बफेलो’ म्हणतात, पाण्याची म्हैस! मी आटपाडी तालुक्यातली. टँकरचा हॉर्न ऐकून कळशी घेऊन धावत वाढलेय. आमच्याकडे पाणीच नव्हतं म्हणून टँकर यायचा. इथे शेजारून ओढा खळाळत होता, अंगणात बोअर होती, आणि तरी पाणी बाहेरून आणून ओतत होते. गाडीत बसल्यावर मला रडू आवरेना.

तरीही हा प्रश्न सरळ नव्हता, कारण आमच्या शेजाऱ्यांचा गाईंचा गोठा आणि दुधाचा धंदा होता. २००९ मध्ये दुधाचे भाव असे कोसळले की खाद्याचा खर्चही निघेना. आणि तेव्हाच गॅसवाले भाडेकरारासाठी एकरी हजारो डॉलर सांगत होते. “तुम्हा नोकरदारांना थांबायला परवडतं,” शेजारी मला एकदा म्हणाले. खरंच होतं ते. मी काही उत्तर दिलं नाही.

२०११ च्या सप्टेंबरात आमच्याकडच्या सस्क्वेहाना नदीला न भूतो असा पूर आला. बिंगहॅम्टन आणि आसपासच्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली. दोन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, गावातल्या थिएटरात गॅसविहिरींवर जनसुनावणी झाली तेव्हा माझ्या मनात तोच पूर होता. नदीकाठी गॅसविहिरींच्या सांडपाण्याचे हौद असते, तर ते कुठवर गेले असते?

तोवर पर्यावरणाची कागदपत्रं हजारो पानांची झाली होती, पण माणसाच्या आरोग्याकडे स्वतंत्रपणे कोणी पाहिलं नव्हतं. सप्टेंबर २०१२ मध्ये ते काम राज्याच्या आरोग्य आयुक्तांकडे गेलं. अखेर १७ डिसेंबर २०१४ ला प्रभारी आयुक्त हॉवर्ड झुकर यांनी सांगितलं की, आज हाती असलेल्या माहितीवर ते अशा विहिरी असलेल्या भागात राहणार नाहीत आणि आपल्या मुलाला जवळच्या शाळेच्या मैदानात खेळू देणार नाहीत. मी कचेरीत होते. ऐकलं आणि डोळे पुसले. पुढच्या जूनमध्ये असा खडक फोडून वायू काढण्यावरची बंदी पक्की झाली, २०२० मध्ये तिचा कायदा झाला.

“एवढा उशीर कशाला?” असं अजून लोक विचारतात. डिमॉकचंच बघा. २०१२ मध्ये तिथल्या ६४ घरांचं पाणी तपासून केंद्राच्या पर्यावरण खात्याने पुढे काही करायची गरज नाही असं सांगितलं. तेच आकडे केंद्राच्याच आरोग्य संस्थेने पुन्हा नीट पाहिले आणि २०१६ मध्ये सांगितलं की २७ बोअरांमध्ये आरोग्याला बाधेल इतकी रसायनं आहेत. नमुने तेच, फक्त चार वर्षं मध्ये गेली होती. आम्ही २००८ मध्येच परवाने दिले असते, तर बैल गेला आणि झोपा केला अशीच गत झाली असती.

शेजाऱ्यांनी २०१५ च्या मे महिन्यात गाई विकल्या. ट्रक आला तेव्हा मी कुंपणापाशी उभी होते. एकेक गाय फळीवरून चढत होती आणि ते प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत होते. राज्याने आमचं पाणी राखलं, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन. पण ज्यांना ‘थांबा’ म्हटलं, त्यांच्या दुधाला सहा वर्षांत धड भाव मिळावा म्हणून काहीच झालं नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.