मला पेन्शन येते

साताऱ्याहून निघताना आईने पर्समध्ये पैसे कोंबले. माझ्या मुलाच्या, चिनूच्या फीला म्हणाली. मी नको नको करतेय तर म्हणे, "राहू दे गं, मला काय करायचेत, मला पेन्शन येते." बसमध्ये मोजले तर दहा हजार निघाले आणि तेव्हापासून काहीतरी बिनसलंय ते अजून जागेवर आलेलं नाही.

घेतल्याची लाज वाटली असं नाही. आईकडून घेताना कसली लाज. खरं लिहायचं तर मला तिचा हेवा वाटला. ब्याऐंशी वर्षांच्या आईचा हेवा, जिने आयुष्यात एक दिवस नोकरी केली नाही आणि अण्णा गेल्यानंतर जे काही मिळतं ते फॅमिली पेन्शन, म्हणजे अण्णांच्या पगाराचाही तुकडाच. पण तो तुकडा महागाई भत्त्यासकट येतो, दर थोड्या महिन्यांनी वाढतो, ऐंशी पार केल्यावर आणखी वाढला. वहिनीच्या सिलेंडरचे पैसे ती देते, कामवालीच्या मुलीची पुस्तकं ती घेते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला इस्त्रीची साडी नेसून बँकेत जाते, दादा सांगून थकला की आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं, पण नाही, तिला तिथे जाऊनच सही करायची असते. का ते मला आता कळतंय.

आज दुपारी परत ती माझ्या रिटायरमेंटच्या हिशोबाची एक्सेल उघडली. माझ्या पगारावर कंपनी दरमहा १,२५० रुपये पेन्शनच्या खात्यात टाकते, कारण पगार कितीही असला तरी हिशोब १५,००० वरच होतो, आणि २०१४ च्या सप्टेंबरआधीची माझी सगळी वर्षं तर ६,५०० वर धरणार. महिन्याची पेन्शन म्हणजे नोकरीची वर्षं गुणिले हा धरलेला पगार भागिले सत्तर. अठ्ठावन्नला बाहेर पडले की पाच हजाराच्या आसपास बसतात, आणि मग ते तेवढेच, सत्तरीलाही तेवढेच आणि आईच्या वयाची झाले तरी तेवढेच, महागाई भत्ता वगैरे प्रकारच नाही. मिटिंगमध्ये लोक सरकारी नोकरांच्या जुन्या पेन्शनच्या संपावर बोलतात तेव्हा मी गप्प बसते, आम्हा प्रायव्हेटवाल्यांनी कुणाच्या दारात बसायचं?

बाकी पीएफ आहे. पीपीएफमधलं अण्णांच्या आजारपणात गेलं, त्याबद्दल लिहायचं नाहीये, परत वेळ आली तर परत काढीन. साठीनंतर पोस्टातल्या सिनियर सिटिझन स्कीममध्ये जास्तीत जास्त तीस लाख ठेवता येतात, आत्ताच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला साडेवीस हजार होतात. आज ऐकायला बरं वाटतं. पण महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होणार आणि व्याज तिथल्या तिथे. शिवाय कंपनीची मेडिक्लेम नोकरीबरोबर संपणार, ह्यांची शुगर आहे, ते एक वेगळंच पान आहे, ते आज नको.

हे म्हणाले, आपलं भागेल गं, दोघांना लागतं किती. भागेल, मलाही माहितीये. वरणभात, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं धरलंय मी त्या शीटमध्ये, पण भागण्याची भीती नाहीच आहे मला. मला कुणाच्या तरी पर्समध्ये पैसे कोंबता आले पाहिजेत. चिनूची पोरं आली (आधी लग्न तर होऊ दे) तर त्यांना घेऊन दुकानात जाताना किंमतीच्या चिठ्ठीकडे बघावं लागू नये. नुसतं कुणावर ओझं नको एवढंच मागणं मला फार कमी वाटतं, तीस वर्षं सकाळी सातची बस पकडून एवढंच? ह्या ऑनलाइन रिटायरमेंट कॅल्क्युलेटरवाल्यांना ते कळत नाही, ते विचारतात तुमचा महिन्याचा खर्च किती. आईच्या पेन्शनीतला अर्धा भाग तर खर्च नाहीच, तो सगळा देण्यात जातो, आणि ती त्या घरात ताठ बसते ती त्या अर्ध्याच्या जोरावर.

मग एक्सेलमध्ये एक ओळ वाढवली. 'द्यायचे'. महिना तीन हजार टाकले, आजच्या भावाने. आकडा बघून थोडं बरं वाटलं, खाली टोटल आणखी बिघडली तरीही.

अजून चार वर्षं आहेत. पीएफचे बारा टक्के कापतात त्याच्यावर आणखी दहा व्हीपीएफमध्ये, म्हणजे आपणहून जास्तीच्या पीएफमध्ये टाकायचे, ८.२५ टक्के व्याज दुसरीकडे बिनघोर कुठे मिळतंय. दोन्ही मिळून माझा भरणा वर्षाला अडीच लाखांच्या आतच राहतोय, त्यामुळे व्याजावर टॅक्सही नाही. हातात येणारा पगार कमी होईल तर होऊ दे, दिवाळीत सोफा बदलायचा होता तो नाही बदलणार. चिनूलाही सांगितलं की मास्टर्ससाठी पीएफ मोडणार नाही, एज्युकेशन लोन काढ, आम्ही सही करतो. त्याने जास्त काही विचारलं नाही, ठीके म्हणाला. मलाच दोन दिवस रडू येईल असं वाटत होतं, आलं नाही. आईचे दहा हजार मात्र त्याच्या फीलाच भरलेत, ते त्याला आजीने दिलेत, त्यात मी पडणार नाही.