किती पानं मांडू? : आमच्या प्रवास व्यवसायाची वाटचाल

कोकणातल्या वेळास गावच्या काकू आमच्या पाहुण्यांना आपल्या घरी ठेवून घेतात. त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, पानं किती?" माणसं कोण, कुठली, कशाने येणार, हे सगळं त्यानंतर. आमच्या वहीतही 'पर्यटक' असा रकाना नाही, 'पानं' असाच आहे. कोणत्या घरी कोणत्या दिवशी किती पानं, हेच सांभाळायचं आमचं काम.

कोकणातल्या गावांत घरगुती मुक्कामाच्या सहली नेण्याचं हे काम मी आणि माझी नणंद, दोघींनी मिळून २०१४मध्ये सुरू केलं. तिचं आजोळ केळशीचं. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी जायचं तर एसटीनेच, त्यामुळे मंडणगड-दापोलीकडच्या गाड्यांच्या वेळा तिला तोंडपाठ. मी पुण्यात एका कार्यालयात हिशेब लिहायचे. सोबतच्या बायका म्हणायच्या, कोकण बघायचंय, पण घरी चारचाकी नाही आणि समुद्रकाठच्या हॉटेलांचं भाडं ऐकूनच गप्प बसायला होतं. आम्हाला वाटलं, एसटी गावागावात जाते आणि गावात घरं आहेत. मग अडतंय कुठे?

पहिली सहल फेब्रुवारी २०१५ची. बारा जणी, स्वारगेटवरून एसटीने, मुक्काम वेळासला. वेळास निवडायला कारण होतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून तिथे समुद्री कासवांच्या संवर्धनाचं काम उभं केलं, आणि कासवं बघायला येणाऱ्यांना गावकरी आपल्या घरात ठेवून घेऊ लागले. घर पाहुण्यांना देण्याची सवय गावाला आमच्या आधीपासूनच होती, हे मुद्दाम सांगते. आम्ही काही नवं शोधून काढलेलं नाही. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालते. ती अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरून ठेवतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. पुरलेल्या जागेवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, त्या सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. कधी पंधरा-वीस पिल्लं निघतात, कधी एकही नाही. त्या फेब्रुवारीत पहिल्या संध्याकाळी टोपली रिकामी निघाली. दुसऱ्या सकाळी चार पिल्लं निघाली. ती पाण्यापर्यंत पोचेस्तोवर आमच्यातली एकही बाई बोलली नाही.

दुसऱ्या सहलीला मात्र आमची मोठी चूक झाली. मागणी आली म्हणून बावीस जण घेतले आणि सगळे एकाच घरी उतरवले. न्हाणीघर एक, चूल एक. काकू पहाटे तीनला उठून बंब पेटवत होत्या. चहाला उशीर झाला म्हणून एका पाहुण्याने ओटीवर आवाज चढवला. काकूंनी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. निघताना मला मागच्या पडवीत बोलावून एवढंच म्हणाल्या, "ताई, माणसं आणा, पण माझ्या घरात मावतील एवढीच." परतीच्या गाडीत नणंद आणि मी महाडपर्यंत गप्प होतो. पुण्यात उतरल्यावर वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, एका घरी सहा पानं. हा नियम आजवर मोडलेला नाही. जास्त माणसं असली तर चार घरांत वाटून देतो. त्यामुळे शेजारच्या घरांतही चार पैसे जातात, आणि आळीत एकीच्याच दारात पाहुणे म्हणून होणारी धुसफूसही टळते.

पैशांची पद्धत आम्ही उघडी ठेवली आहे. पाहुण्याला जो कागद देतो, त्यावर यजमानांचे किती, प्रवासाचे किती आणि आमचे किती, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. यजमानांचे निम्मे पैसे सहलीआधी आठ दिवस पोचतात, कारण नारळ घरचे असले तरी तांदूळ, तेल, गॅस विकतच आणावा लागतो. आणि पैसे जातात ते जिच्या हातचं जेवायचं तिच्याच खात्यात. सुरुवातीला तीन घरांत बाईच्या नावावर खातंच नव्हतं. नणंद त्यांच्यासोबत बँकेत गेली, फॉर्म भरून घेतले. काकूंनी पासबुक आणलं ते देवघरात ठेवून मगच कपाटात ठेवलं.

जेवणाची यादी आम्ही देत नाही. घरात जे शिजेल ते पानात येईल, हे आधी सांगतो. केळफुलाची भाजी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, सकाळी घावन नाहीतर मेतकूट-मऊभात. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि का, ते एकदा स्वयंपाकघरात बसून बघण्यासारखं आहे. काकू पहाटे विळीच्या खवणीवर नारळ खवतात, पांढरं तेवढंच घेतात, करवंटीजवळचं काळपट बाजूला. उकड गरम असतानाच मळायची, हाताला पाणी-तेल लावत. पारी इतकी पातळ की बोटाचा रंग दिसावा. कळ्या पाडताना त्या कोणाशी बोलत नाहीत. एकवीस मोदक व्हायला दोन तास गेले, मी घड्याळ लावून पाहिलंय. तेव्हापासून मोदकाचे पैसे वेगळे धरतो आणि त्यावर कोणी घासाघीस केली तर नम्रपणे नाही म्हणतो.

हळूहळू वाट लांबली. हरिहरेश्वर बघून बागमांडल्याच्या फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेशवी, तिथून वेळास, केळशी, आंजर्ले. पुढे दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी पार करून गुहागर, हेदवी, आणि तवसाळहून जयगडला शास्त्री नदीची खाडी. तीन खाड्या, तीन बोटी आणि मधली सगळी एसटी. सात दिवस फिरणाऱ्यांना एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढायला सांगतो. एक गोष्ट मात्र प्रत्येकाला दोनदा बजावतो: गावात जाणारी शेवटची गाडी बहुतेक वस्तीची असते. ती रात्री गावातच राहते आणि पहाटे निघते. ती चुकली तर रिक्षाचे पैसे मुक्कामापेक्षा जास्त होतात.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. टाळेबंदीमुळे आमच्या सगळ्या सहली आधीच रद्द झाल्या होत्या. वादळानंतर पाच दिवस एकाही घरचा फोन लागला नाही. सहाव्या दिवशी केळशीच्या वहिनींचा लागला. "माणसं आहोत," म्हणाल्या, "वाडी गेली." वाडी म्हणजे घरची नारळ-सुपारीची बाग. सुपारीची झाडं एकावर एक आडवी पडली होती, कौलं उडाली होती. नवी सुपारी लावली तर पीक हाती यायला पाच-सहा वर्षं, नारळाला सात-आठ. पिढ्यांची कमाई एका दुपारी जमिनीवर आली होती. ज्यांचे आगाऊ पैसे आमच्याकडे होते त्यांना परत देण्यासाठी फोन केले, तर निम्म्याहून जास्त जणांनी सांगितलं, परत नको, कौलांना द्या. एका आजींनी वर आणखी दोन हजार पाठवले. त्या वेळासला एकदाच, दोन रात्री राहिल्या होत्या.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरपासून एसटीचा संप लांबला आणि मोसम हातचा गेला. ते महिने मी पुन्हा दुसऱ्यांचे हिशेब लिहून काढले. पण मार्च २०२३पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधीच मोफत झालं होतं, आणि आमच्याकडे येणाऱ्यांचे चेहरे बदलले. ज्यांनी आयुष्यभर फक्त माहेर आणि सासर एवढाच प्रवास केला, अशा साठी-सत्तरीच्या बायका चौघी-पाचजणींनी मिळून येऊ लागल्या. या पाहुण्या स्वयंपाकघरात जाऊन बसतात, आमसुलं कशी घालायची विचारतात, निघताना वाळवणाची पिशवी नेतात.

आज सात गावांत एकोणीस घरं आमच्यासोबत आहेत. घरात लग्न, बाळंतपण, दहावीची परीक्षा असेल तर ते घर त्या महिन्यात पाहुणे घेत नाही, आणि कारणही आम्ही विचारत नाही. केळशीच्या वहिनींनी वादळानंतर लावलेल्या सुपारीला आता कमरेएवढं खोड धरलंय. मधल्या मोकळ्या जागेत त्यांनी दोन खोल्या आणि वेगळं न्हाणीघर बांधलं. परवा फोन आला, "खोल्या दोन झाल्या, आता आठ पानं पाठवा." आम्ही सहाच लिहिली आहेत. नणंद पुढच्या आठवड्यात जाऊन चूल बघून येणार आहे, मग ठरवू.