तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईत दोन रात्री राहायचं, तर हॉटेल कोणतं?

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असतो, मुलगी-जावई अमेरिकेहून यायचे असतात, नाहीतर आईबाबांना एकदा तरी मोठ्या हॉटेलात न्यायचं ठरलेलं असतं. मुक्काम मुंबईत, दोन रात्रींचा. पैसे बाजूला ठेवलेले आहेत, खर्चाची तयारी आहे. मग विचारणा होते: "एखादं चांगलं फाइव्ह स्टार सांगा ना, डोळे झाकून बुक करता येईल असं."

डोळे झाकून बुक करावं असं एकही नाही. उत्तम हॉटेलं पुष्कळ आहेत, पण त्यांतलं तुमचं कोणतं हे दोन गोष्टींवर ठरतं: दिवसभरात कुठे कुठे जायचंय आणि खोलीत कोण कोण झोपणार आहे. नाव त्यानंतर.

मुंबई उभी आणि चिंचोळी आहे. पहाटे विमानतळावरून कुलाब्याला पाऊणएक तासात पोचणारी गाडी संध्याकाळी दीड तास घेऊ शकते. म्हणून आधी कागदावर पत्ते लिहून काढा. गेटवे, काळा घोडा, एनसीपीए या नाट्य-संगीत केंद्रातला कार्यक्रम, वानखेडेवरची मॅच असेल तर मुक्काम दक्षिणेत हवा: अपोलो बंदरचं ताजमहाल पॅलेस, नरिमन पॉइंटला शेजारी-शेजारी असलेली ट्रायडंट आणि ओबेरॉय, कफ परेडचं प्रेसिडेंट. एनसीपीएचा प्रयोग रात्री सुटला की ओबेरॉय-ट्रायडंटला चालत जाता येतं, टॅक्सी शोधावी लागत नाही. अमेरिकन व्हिसाची मुलाखत असेल तर वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत आहे; तिथलं ट्रायडंट किंवा सोफिटेल घ्या. वकिलातीत फोन आणि मोठी बॅग नेता येत नाही. हॉटेल जवळ असलं की सगळं खोलीत ठेवून फक्त फाइल घेऊन निघता येतं. टाटा हॉस्पिटलमध्ये कुणाला दाखवायचं असेल तर परळचं आयटीसी ग्रँड सेंट्रल, लीलावती असेल तर वांद्र्याचं ताज लँड्स एंड सोयीचं. खरेदी मुख्य असेल तर लोअर परळचं सेंट रेजिस पॅलेडियम मॉलला लागूनच आहे. वरळीचं फोर सीझन्स दक्षिणेकडे आणि वांद्र्याकडे, दोन्हीकडे जायचं असणाऱ्यांना मधलं पडतं.

कोस्टल रोड आणि सी लिंकमुळे वरळी, वांद्रे आणि मरीन ड्राइव्ह एकमेकांच्या खूप जवळ आले, हे खरं. ऑक्टोबर 2025पासून भुयारी मेट्रो 3 कफ परेडपर्यंत धावते, आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना तिचं स्थानक आहे. हातातली एक बॅग असेल तर टर्मिनल 2 ते नरिमन पॉइंटचं विधान भवन स्थानक हा प्रवास तासाभराचा, आणि तो वेळ पाऊस असो वा गर्दी, फारसा बदलत नाही. पण आजी, दोन मोठ्या बॅगा आणि झोपलेलं मूल असेल तर टॅक्सीच बरी. आणखी एक, पुण्याहून येणाऱ्यांच्या लक्षात न राहणारी गोष्ट: वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा नाही. जुहूच्या हॉटेलातून रिक्षाने दादरला जाऊ म्हणाल तर जमणार नाही.

बुकिंग करताना पूर्ण नाव आणि परिसर वाचा. मुंबईत ट्रायडंट दोन आहेत, नरिमन पॉइंट आणि बीकेसी. जेडब्ल्यू मॅरियट दोन, जुहू आणि सहार. ताज तर कुलाबा, वांद्रे, सांताक्रूझ, विक्रोळी अशी अनेक ठिकाणी. नातेवाईक "ताजला भेटू" म्हणतात आणि अर्धे वांद्र्याला, अर्धे अपोलो बंदरला उभे राहतात. ड्रायव्हरलाही नुसतं नाव सांगू नका, रस्ता सांगा.

आता समुद्र. बहुतेकांना खिडकीतून समुद्र हवा असतो, आणि इथे सर्वांत जास्त गफलत होते. मरीन ड्राइव्हकडची खोली पश्चिमेला तोंड करून असते, म्हणजे तिथे सूर्यास्त मिळतो आणि रात्री दिव्यांची माळ. अपोलो बंदरचं ताज पूर्वेला, बंदराकडे पाहतं. तिथे मिळतो तो सूर्योदय, गेटवे आणि धक्क्याला हलणाऱ्या लाँचेस. संध्याकाळी नवरा-बायकोने खिडकीत बसून सूर्य बुडताना पाहायचा बेत असेल आणि खोली ताजची असेल, तर हॉटेलची काही चूक नाही, दिशा चुकलीय. "पार्शल सी व्ह्यू" लिहिलं असेल तर खिडकीला गाल लावून एका कोपऱ्यात पाणी दिसतं असंही असू शकतं. फोन करून सरळ विचारा, पलंगावरून समुद्र दिसतो का? आणि जुलैत समुद्राचा जादा दर देण्याआधी विचार करा, कारण कित्येक दिवस खिडकीबाहेर नुसता करडा पडदा असतो. मला स्वतःला तो उधाणलेला पावसाळी समुद्र सुंदर वाटतो, पण निळं पाणी मनात धरून आलेला माणूस हिरमुसतो.

ताजमध्येच दोन वेगळ्या इमारती आहेत: 1903 साली उघडलेला जुना पॅलेस आणि सत्तरच्या दशकात शेजारी उभा राहिलेला टॉवर. फोटोत दिसणारे घुमट, लाकडी कठडे, रुंद व्हरांडे हे सगळं पॅलेसचं. स्वस्त पर्याय निवडला की बहुधा टॉवर मिळतो. टॉवरची खोलीही चांगली असते, उंचावरून बंदर छान दिसतं, पण मनात जुनी वास्तू असेल तर बुकिंगवर "पॅलेस विंग" हे शब्द दिसलेच पाहिजेत. तेवढे पैसे नसतील तर खोली दुसरीकडे घेऊन ताजच्या सी लाउंजमध्ये दुपारचा चहा घ्या. वास्तूत शिरायची हौस तिथे भागते, आणि मला तो सौदा महागड्या पण शहराच्या बाजूच्या खोलीपेक्षा चांगला वाटतो.

यानंतर खोली. खोलीच्या नावांवर जाऊ नका. "डीलक्स" ही कित्येक हॉटेलांत सर्वांत खालची पायरी असते. चौरस फूट विचारा. तीनशेच्या आसपासच्या खोलीत दोन मोठ्या बॅगा उघड्या ठेवल्या की चालायला वाट उरत नाही. चारशेच्या पुढे तिघं सुखाने राहतात. "किंग" म्हणजे एक मोठा पलंग, "ट्विन" म्हणजे दोन वेगळे. आई आणि मुलगा, किंवा दोन मैत्रिणी असतील तर ट्विन लेखी मागा, कारण संध्याकाळी सात वाजता पोचल्यावर ट्विन संपलेले असतात. मुलांसाठी दोन खोल्या घेत असाल तर "कनेक्टिंग" म्हणा, म्हणजे मधे दार असलेल्या. नुसतं "शेजारच्या" म्हटलंत तर कॉरिडॉरमधून ये-जा करावी लागते, आणि लहान मूल असेल तर रात्री ते नको वाटतं.

न्हाणीघराबद्दल विचारायला लोक संकोचतात, आणि मग दोन दिवस त्रास काढतात. नव्या हॉटेलांत पलंग आणि न्हाणीघर यांच्यामधे काचेची भिंत असते. पडदा असतो, पण कधी त्याचं बटण आतल्या बाजूला, कधी बाहेर, आणि काचेतून दिवा खोलीत येतो. सासऱ्यांबरोबर एका खोलीत राहायचं असेल तर ही काच फार अवघड जाते. टब असेल आणि शॉवर टबातच असेल तर सत्तरीतल्या माणसाला दीड-दोन फुटांचा कठडा ओलांडावा लागतो, ओल्या पायाने. पडण्याची खरी जागा ती. म्हणून वेगळा, सपाट जमिनीचा शॉवर मागा, आत धरायला दांडी आणि बसायला स्टूल मिळेल का तेही. जेट स्प्रे आहे ना, हेही विचारा. रिझर्व्हेशनवाल्यांना हे प्रश्न नवे नसतात. दम्याचा त्रास असेल तर गालिच्याऐवजी लाकडी जमिनीची खोली सांगा. पावसाळ्यात गालिच्याला दमट वास धरतो.

पैशाचं गणित एकदाच नीट मांडा. बुकिंगच्या पडद्यावर समजा 18,000 दिसतात, खाली बारीक अक्षरात "अधिक कर". रात्रीचा दर 7,500च्या वर गेला की खोलीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एक रात्र 21,240 आणि दोन रात्री 42,480. अशा हॉटेलांतल्या रेस्टॉरंटच्या बिलावरही 18 टक्केच लागतात, बाहेरच्या साध्या हॉटेलासारखे 5 नाहीत. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट आहे, तो वेगळा दिसेल. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च 2025मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. बिलात लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा.

नाश्ता खोलीबरोबर घ्यावा का? समजा वेगळा घेतला तर माणशी 1,500. दोघांच्या दोन सकाळी 6,000, करासह 7,080. नाश्त्यासह असलेला दर रात्रीला 2,000ने जास्त असेल तर दोन रात्रींचे 4,000, करासह 4,720. इथे नाश्ता घेणं फायद्याचं. पण एक सकाळ व्हिसासाठी सहाला बाहेर पडणार आणि दुसरी माटुंग्याला इडली खायला जाणार असाल तर नुसती खोली घ्या. एजंटच्या भाषेत नुसत्या खोलीला ईपी, नाश्त्यासकटला सीपी म्हणतात. कोटेशनवर तेवढंच लिहिलेलं असतं.

बुकिंगचा सर्वांत स्वस्त दर बहुधा परत न मिळणारा असतो. लग्नकार्य, आजारपण, व्हिसाची तारीख यांपैकी काहीही त्यात गुंतलेलं असेल तर थोडे जास्त देऊन रद्द करता येणारा दर घ्या आणि मुदत डायरीत लिहा: 24 तास, 48 की 72. दरांचे चढउतारही समजून घ्या. बीकेसी आणि विमानतळाजवळची हॉटेलं कामासाठी आलेल्यांनी मंगळवार ते गुरुवार भरतात, शनिवार-रविवारी तिथे दर उतरतात. दक्षिण मुंबई आणि जुहूत तसं होईलच असं नाही.

परदेशातून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळक सांगायला हवी, कारण यात नेहमी फसगत होते. विमान 15 तारखेच्या पहाटे तीनला उतरतं. लोक 15पासून खोली घेतात. पण खोली मिळते दुपारी दोनला, कुठे तीनला. अकरा तास लॉबीत काढायचे नसतील तर बुकिंग 14पासून हवं, आणि "आम्ही 15च्या पहाटे पोचू, फ्लाइट अमुक" असं हॉटेलला मेल करून उत्तर मागवून ठेवा. हे न कळवल्यास रात्री कुणी आलं नाही म्हणून "नो-शो" पडतो, कधी सगळं बुकिंगच रद्द होतं. परदेशी पासपोर्ट असलेल्या पाहुण्याची माहिती हॉटेलला 24 तासांत सरकारला कळवावी लागते, म्हणून मूळ पासपोर्ट मोठ्या बॅगेत तळाशी टाकू नका. भारतीयांना आधार, लायसन्स किंवा पासपोर्ट चालतो. पॅनकार्ड चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो.

काउंटरवर डिपॉझिट मागतील. क्रेडिट कार्ड द्या. त्यावर रक्कम नुसती अडवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले पैसेच अडकतात, आणि सुटायला कित्येक दिवस जातात. तोवर घरचा हप्ता असला तर पंचाईत.

तारखा पक्क्या करण्यापूर्वी कॅलेंडर पाहा. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटी आणि जुहूकडचे रस्ते विसर्जनासाठी बंद होतात, लालबाग-परळ तर दहाही दिवस गजबजलेलं. मिरवणूक पाहायलाच आला असाल तर परळला राहण्यासारखं सुख नाही, खाली उतरलं की गणपती. पण त्या दिवशी संध्याकाळचं विमान असेल तर विमानतळाजवळ राहा. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी मरीन ड्राइव्ह सकाळी गाड्यांना बंद असतो. आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की हॉटेलातली लग्नं सुरू होतात. फोनवर विचारा, "त्या तारखांना तुमच्याकडे मोठं लग्न आहे का?" असेल तर बँक्वेट हॉलपासून दूरची, वरच्या मजल्यावरची खोली मागा. फाटकाशी गाडीची डिकी आणि सामान तपासतात, लग्नाच्या संध्याकाळी तिथे रांग लागते. पंधरा मिनिटं हाताशी ठेवा.

हे सगळं विचारायला टोल-फ्री नंबर उपयोगाचा नाही, तो दुसऱ्याच गावी वाजतो. हॉटेलचा स्वतःचा नंबर लावा, सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान, आणि रिझर्व्हेशन मागा. जे ठरेल ते मेलवर घ्या. वाढदिवस असेल तर त्याच मेलमध्ये एक ओळ लिहा.

खोलीत शिरल्यावर बॅगा उघडू नका. बेलबॉयला दोन मिनिटं थांबायला सांगा. एसी 24वर ठेवून, बोलणं थांबवून ऐका: घरघर येते का, टपटप येतं का. गरम पाण्याचा नळ सोडून मिनिटभर हात धरा. पडदे पूर्ण ओढून दिवे मालवा आणि मधल्या फटीतून किती उजेड येतो ते पाहा. उशाशी चार्जिंगचा प्लग आहे का बघा. दाराशी उभं राहून लिफ्टची घंटा आणि पँट्रीतली भांडी ऐकू येतात का पाहा. काही खटकलं तर तेव्हाच खाली फोन करा, "खोली बदलून द्याल का?" सामान बंद असताना, दुपारी तीन वाजता, खोली बदलून मिळते. रात्री दहाला, कपाट लावून झाल्यावर, हॉटेल भरलेलं असतं.