नर्डिओ का लावलं
अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉपला (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चालणारे विंडोज डेस्कटॉप) मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे स्केलिंग प्लॅन (गरजेप्रमाणे मशीन आपोआप चालू-बंद करणारे) आहेतच, तरी मी नर्डिओ, म्हणजे हे डेस्कटॉप सांभाळणारं दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर, वापरतो, कारण एकच, बिल. नुसतं विंडोजमधून शटडाउन केलं तर मशीन बंद दिसतं पण कॉम्प्युटचं (प्रोसेसर-मेमरीचं) मीटर चालूच राहतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं! डिअ‍ॅलोकेट करावं लागतं, म्हणजे मशीनसाठी राखलेलं हार्डवेअर अझूरला परत सोडावं लागतं, आणि ते केलं तरी डिस्कचे पैसे लागतातच, तर नर्डिओ काय करतं, रात्री महागड्या प्रीमियम एसएसडी डिस्कची स्वस्तातली स्टँडर्ड एचडीडी करून ठेवतं आणि सकाळी मशीन चालू करायच्या आधी परत एसएसडी. मला तर हे जाम आवडलं. शिवाय नर्डिओचं एंटरप्राइझवालं व्हर्जन आपल्याच अझूर सबस्क्रिप्शनमध्ये बसतं. नर्डिओच्या लायसन्सचे पैसे मात्र वेगळे, त्यामुळे चार-पाचच युजर असतील तर उगाच घेऊ नका, स्केलिंग प्लॅनवर भागतं.