येलदरीच्या काठावर: मासा धरावा कसा, फोटो काढावा कसा

जिंतूर सोडून गाडी येलदरी धरणाच्या रस्त्याला लागली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं आणि गाडीत जुंपली होती. विषय एकच: गळाला मासा लागल्यावर त्याचा फोटो काढायचा की नाही, आणि काढायचा तर कसा. आम्ही चौघं. मी छत्रपती संभाजीनगरचा, दोघं परभणीचे आणि एक नांदेडचा. पोळा झाला होता, गणपती बसायचे होते, त्या मधल्या रविवारी सगळ्यांना सुट्टी जुळली.

वाद मीच उकरून काढला होता. मागच्या वर्षी दुसऱ्या एका धरणावर मला साताठ किलोचा कटला लागला. वीस मिनिटं खेळवला, बाहेर काढला, दोन्ही हातांनी छातीशी धरला. एकाचा फोन लॉक, दुसऱ्याच्या फोनमध्ये जागा नाही, मग ऊन समोरून येतंय म्हणून मी वळलो. मासा सोडला तेव्हा तो शेपटी हलवत गेला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. दुपारी डबा खायला बसलो तर तोच कटला पोट वर करून काठाला लागलेला. डाव्या कल्ल्यामागचा डाग ओळखीचा होता. तो फोटो अजून माझ्याकडे आहे, पण तो मी कुणाला दाखवत नाही.

नांदेडच्या मित्राचं म्हणणं वेगळं होतं. "दादा, फोटो नाही काढला तर लोक मासा मारूनच घरी नेतात, दाखवायला. फोटोमुळं निदान सोडायला तरी लागलेत." यात तथ्य आहे, हे मला मान्य करावंच लागलं. दहा वर्षांपूर्वी आमच्या ओळखीत मासा परत सोडणारा एकही गळवाला नव्हता. आज आहेत, आणि त्यातले निम्मे तरी फोटोच्या ओढीनं या वाटेला आलेत.

पण सोडलेला मासा जगतो का, हा खरा प्रश्न आहे. १९९२ साली फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी रेनबो ट्राउट माशांवर केलेला प्रयोग मी गाडीत सांगितला. त्यांनी मासे दमेपर्यंत पळवले. ज्यांना पाण्यातच ठेवलं त्यांतले १२ टक्के मेले. दमवून वर ३० सेकंद हवेत धरलेल्यांतले ३८ टक्के मेले, आणि ६० सेकंद धरलेल्यांतले ७२ टक्के. ट्राउट थंड पाण्यातला मासा, आपला रोहू-कटला नव्हे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे येलदरीला लावता येणार नाहीत. कारण मात्र सगळीकडे सारखंच. कल्ल्यातल्या पात्या पाण्यात पसरलेल्या असतात, हवेत आल्या की एकमेकींना चिकटतात. धावून दम लागलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबून त्याला हसायला सांगावं, तसं ते आहे. त्यात आपलं पाणी गरम. २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. म्हणून एप्रिल-मेमध्ये सोडून द्यायच्या हेतूनं मासेमारी करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडीतलं भांडण तिथंच थांबलं, कारण धरणाची भिंत दिसली.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी करावी. आपल्याकडच्या धरणांमधली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते. पाण्यातला रोहू, कटला, मृगळ आपोआप आलेला नसतो. संस्थेनं पैसे घालून बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडलेली असतात. म्हणून आधी संस्थेच्या माणसाला भेटा, परवानगी घ्या, काय धरायचं आणि काय नाही ते विचारा. आम्ही आदल्या शनिवारी फोनवर बोललो होतो, तरी सकाळी जाऊन भेटलो. धरणाची भिंत, दरवाजे, वीजघर यांच्या आसपास गळ टाकू नका, तिथं फोटोही काढू नका. पावसाळ्यात वरच्या खडकपूर्णा धरणाचं पाणी येतं, येलदरीतून खालच्या सिद्धेश्वर धरणात सोडलं जातं, त्यामुळे भिंतीच्या खालच्या पात्रात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि पैठणला जायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं हौसेचा गळ नकोच.

आम्ही बॅकवॉटरच्या एका खाडीत बसलो. काठ काळ्या मातीचा, पाणी वरखाली झालेल्या जागी गुडघाभर रुततो. परभणीच्या मित्राची चप्पल तिथंच राहिली. खडकाळ जागा बघून बसा, आणि बुटाची नाडी घट्ट बांधा.

आमिष घरचंच: ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची पेंड आणि थोडं बेसन, घट्ट मळलेलं. सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीनं चेपून टाकले होते. यावरही कुरबुर झाली, मासा सुटतो म्हणून. दोरा ताणलेला ठेवला तर सुटत नाही. आणि गळ दोन सेकंदात निघतो, हा फायदा फार मोठा आहे.

सव्वासातला पहिला रोहू लागला, दीड-दोन किलोचा. आम्ही ठरवून आलो होतो तसंच केलं. ज्याला मासा लागला त्यानं फोनला हात लावायचा नाही. दुसरा माणूस फोन उघडून, कॅमेरा चालू करून, ऊन पाठीवर घेऊन आधीच गुडघाभर पाण्यात उभा. मासा जाळीत आला, जाळी पाण्यातच ठेवली. गळ पाण्याखालीच काढला. मग हात ओले करून एक हात शेपटीच्या बुडाशी, दुसरा पोटाखाली, आणि "तीन" म्हटल्यावर पाण्याच्या वीतभर वर उचलला. थेंब गळायचे थांबायच्या आत परत पाण्यात. फोन व्हिडिओवर होता, त्यातूनच नंतर चित्र काढलं. नांदेडचा मित्र फोटो बघत म्हणाला, "हा तर छातीशी धरलेल्यापेक्षा चांगला आलाय." खवल्यांवर पाणी होतं, पर उघडे होते, मासा जिवंत दिसत होता.

हात ओले का करायचे हे ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर घाण नव्हे, ते त्याचं कवच आहे. कोरड्या हातानं, टॉवेलनं, गोणपाटानं तो पुसला गेला की त्या जागी बुरशी धरू शकते आणि मासा काही दिवसांनी मरू शकतो, आपल्याला कळतही नाही. तापलेल्या काळ्या खडकावर ठेवलेल्या माशाचं तर विचारूच नका. खाली ठेवायचाच असेल तर गुळगुळीत प्लास्टिक अंथरून त्यावर आधी पाणी ओता. गाठी मारलेल्या नायलॉन जाळीपेक्षा रबराची जाळी घ्या. महाग पडते, पण पर फाटत नाहीत. वजनकाट्याचा आकडा जबड्यात अडकवून मासा लटकवू नका. पाण्यात त्याचं सगळं वजन पाण्यानं पेललेलं असतं, उभा टांगला की मणक्यावर आणि आतल्या अवयवांवर ताण येतो. ओल्या झोळीत घालून झोळीसकट तोला. कल्ल्यात बोटं घालून धरण्याची आपल्याकडची पद्धत फक्त खायच्या माशासाठी.

नऊच्या सुमारास थर्माकोलच्या तराफ्यावरून एक भोईमामा आले. साठीचे असतील. जाळी काढून परत निघाले होते. आम्ही दुसरा रोहू सोडताना त्यांनी पाहिलं आणि तराफा आमच्याकडं वळवला.

"सोडलाव का?"

"हो मामा. सोडायलाच धरतो आम्ही."

"मग धरायलात कशाला?"

कुणालाच लगेच उत्तर सुचलं नाही. मामांनी चिडून विचारलं नव्हतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "आम्ही पोटासाठी धरतो. त्याचं पाप-पुण्य आमच्यापाशी. तुम्ही त्याला तोंडाला भोक पाडून, घाबरवून परत सोडायलात. त्याला काय मिळालं त्यात?"

स्वित्झर्लंडच्या कायद्याचा रोख हाच आहे. सोडून द्यायच्या इराद्यानं गळ टाकायलाच तिथं मनाई आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये उलट वाट धरली: ४० इंचांहून मोठा टार्पन नावाचा समुद्री मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. वॉशिंग्टन राज्यात जो सामन मासा ठेवून घ्यायला बंदी आहे तो नदीतून पूर्ण वर उचलणंच नियमबाह्य. म्हणजे एकीकडं "धरूच नका", दुसरीकडं "धरा पण उचलू नका". मी मामांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुसरं बरं हाय. पर तुम्ही धरलेला मासा आमच्या जाळ्यात मेलेला येऊ नये, एवढं बघा."

मी त्यांना कटल्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "कटला नाजूक असतो. त्याला हात लावूच नये. खायचा तर लगेच मारायचा." आता माझा नियमही हाच झाला आहे. कटला लागला आणि गळ वरवर असेल तर पाण्यातच काढून सोडायचा, फोटो नाही. थकून आडवा पडला असेल तर संस्थेला विचारून ठेवून घ्यायचा, डोक्यावर एकच जोरदार फटका मारून लगेच मारायचा. पिशवीत तडफडत ठेवणं हे मला आता बघवत नाही. त्या दिवशी एका मृगळानं गळ खोल गिळला होता. ओढून काढला असता तर आतडी बाहेर आली असती. दोरा तोंडाशी कापून सोडायचा की ठेवायचा यावर पुन्हा बोलणं झालं. कल्ल्यातून रक्त येत होतं म्हणून ठेवला.

मामांनीच आम्हाला पुढची गोष्ट दाखवली, आणि माझ्या लेखी सगळ्या दौऱ्यात तीच मोलाची. खाडीच्या टोकाला, पाणगवताच्या कडेला, पाण्यावर हातभर जागेत बारीक सळसळ होत होती, भुरभुर पाऊस पडल्यासारखी. जवळून पाहिलं तर लालसर पिल्लांचा थवा, शेकडो. मरळीची पिल्लं. मरळ हवेतलाही श्वास घेते, त्यामुळे पिल्लं सारखी वर येतात आणि पाणी हलत राहतं. खाली आई-बाप राखणीला असतात. गळ लावलेला रबरी बेडूक त्या थव्यावरून ओढला की मोठी मरळ झडप घालते. भूक नसते तिला, ती पिल्लं वाचवायला धावते. गळवाल्यांना हे पक्कं माहीत आहे, म्हणूनच पिल्लांवरची मरळ धरणं सोपं समजलं जातं.

नांदेडच्या मित्राच्या पेटीत रबरी बेडूक होता. "मरळ तर तासभर बाहेर जगते, फोटो काढून सोडली तर काय बिघडलं?" त्यानं विचारलं. मरळ जगेल, हे खरं. पण ती पाच मिनिटं जागेवर नसेल तेवढ्यात इतर मासे पिल्लांवर तुटून पडतात. मामा म्हणाले, "लेकुरवाळीला हात लावू नये बाबा." त्यानं बेडूक पेटीत ठेवला. त्या थव्याचा व्हिडिओ मात्र आम्ही काढला, दहा पावलं दूर उभं राहून. तो पाठवताना फोनमधली ठिकाणाची नोंद बंद केली, नाहीतर पुढच्या रविवारी त्या खाडीत वीस जण उभे राहिले असते. तुम्हीही ती आधीच बंद करा.

चिलापी (तिलापिया) लागली तर? ती परदेशी, झपाट्यानं वाढणारी. आम्ही पाच धरल्या, एकही परत सोडली नाही. सगळ्या मामांच्या टोपलीत गेल्या.

दुपारी एक वाजता पश्चिमेला ढग काळे झाले आणि आम्ही लगेच गाशा गुंडाळला. मराठवाड्यात परतीच्या पावसाच्या दिवसांत वीज पडून दरवर्षी माणसं जातात, आणि कार्बनचा लांब रॉड हातात घेऊन मोकळ्या काठावर उभं राहणं म्हणजे विजेला बोलावणं. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवा आणि गाडीत बसा, झाडाखाली नको. धपाटे आणि दही गाडीतच खाल्लं. जेवणाची सोय जवळ नाही, सोबत न्या. पाणी माणशी चार लिटर तरी. वेळ असेल तर येताना औंढा नागनाथ करता येतं, आम्हाला पावसानं जाऊ दिलं नाही.

सामानात पुढच्यांनी हे विसरू नये: लांब नाकाची पक्कड, दोरा कापायला कात्री, ओली झोळी, प्लास्टिकचा तुकडा, आणि कॅमेरा धरायला एक वेगळा माणूस. एकटे असाल तर फोटो काढूच नका. सोडताना मासा मागं-पुढं हलवत बसू नका, त्यानं कल्ल्यात पाणी उलटं जातं. तोंड वाऱ्याच्या लाटेकडं करून सरळ धरा, तो स्वतः हात झटकून गेला की मगच सोडा. आमच्या दुसऱ्या रोहूला त्यासाठी चार मिनिटं लागली. परभणीचा मित्र कंबरभर पाण्यात त्याला धरून उभा होता आणि तेवढा वेळ कुणी फोन काढला नाही.

निघताना मामा म्हणाले, दिवाळीनंतर या, पाणी निवळतं. त्यांनी धरायच्या जागा सांगितल्या, आम्ही त्या इथं लिहीत नाही. संस्थेच्या माणसाला भेटा, तो सांगेल.